कवडी, पोवळे आणि इंद्रजाल

आज समुद्रातल्या प्राण्यांविषयी थोडे बोलायचे आहे. नवीन जालन्यात बसून समुद्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे कोणी हसेल. पश्चिमेचा समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि आपल्या कुंडलिकेचे पाणी दुधना, पूर्णा, गोदावरी असा प्रवास करीत थेट पूर्वेच्या समुद्राला जाते. लाट कशी असते हे आपल्यापैकी पुष्कळांनी सिनेमातच पाहिलेले. पण जरा आपल्याच घरात नजर फिरवा. पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तुळजापूरच्या भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात तीच माळ. सराफाच्या दुकानात मंगळाच्या अंगठीसाठी लाल पोवळे मागतात, वैद्याच्या बाटलीत प्रवाळभस्म असते, देवघरात शंख असतो. आणि अलीकडे पुष्कळ दुकानांच्या आणि घरांच्या दारावर काचेच्या चौकटीत एक काळसर जाळीदार फांदी टांगलेली दिसते. तिला 'इंद्रजाल' म्हणतात.

यांतली एकही वस्तू दगड नाही की झाडपाला नाही. या साऱ्या समुद्रातल्या जित्राबांनी आपल्या अंगाने घडवलेल्या वस्तू आहेत.

कवडीपासून सुरुवात करू. कवडी ही एका गोगलगाईची पाठ. पावसाळ्यात बांधावर आपण शंखी गोगलगाय पाहतो, सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी. कवडीतला प्राणी तिच्याच जातकुळीतला. लहानपणी त्याचे कवच साध्या गोगलगाईसारखे वळणदार आणि पातळ असते. वयात आला की कवचाची कड आत वळते, जाड होते, तिला दाते फुटतात. मग कवच लांबीला वाढत नाही, फक्त जाड होत जाते. कवडी इतकी गुळगुळीत कशी, याचेही उत्तर मौजेचे आहे. जिवंतपणी हा प्राणी आपल्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी वर काढून सगळे कवच झाकून घेतो. अंगावर अंगरखा घालावा तसा. त्या अंगरख्यातूनच नवा थर चढत राहतो, म्हणून ना ओरखडा राहतो ना शेवाळ चिकटते. आपण जिला घासूनपुसून चकाकी आणलेली समजतो, ती चकाकी त्या मुक्या जिवाने स्वतः आणलेली असते.

ज्या जातीची कवडी पैसा म्हणून चालली, ती मुख्यतः मालदीव बेटांवरून येत असे. इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी १३४३ च्या सुमारास तिथे गेला होता; तिथे त्याला काझी केले गेले. त्याने लिहून ठेवले आहे की बेटांवरचे लोक कवड्या देऊन बंगालातून तांदूळ आणतात. कवड्या गोळा करण्याची एक जुनी रीत म्हणजे नारळीच्या झावळ्या उथळ पाण्यात टाकून ठेवायच्या. प्राणी त्यांवर चढून बसले की झावळ्या बाहेर काढायच्या आणि कवड्या वाळूत पुरायच्या. आतले मांस कुजून गेले की कवच धुऊन घ्यायचे. याच कवड्या पुढे युरोपच्या व्यापाऱ्यांनी जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या, आणि त्यांच्या मोबदल्यात तिथे माणसे विकत घेतली. ओरिसात इंग्रजांनी शेतसारा कवडीत घ्यायचे बंद करून रुपये मागितले, तेव्हा शेतकरी नाडला गेला. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणे सांगतात, त्यांत हेही एक आहे. 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द आपण सहज वापरतो, पण एके काळी ती कवडी हे खरोखरीचे नाणे होते.

आता या मालदीवच्या बेटांकडेच बघा. ती समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर, म्हणजे माणसाच्या खांद्याएवढीच उंच आहेत. तिथे डोंगर नाही की नदी नाही. वाळूसुद्धा आपल्यासारखी दगड झिजून झालेली नाही. ती सगळी जमीन पोवळ्यांच्या प्राण्यांनी बांधलेली आहे. आपली लक्षद्वीप बेटेही तशीच.

हा प्राणी किती मोठा असेल? बहुतेक जातींत तो हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतो. शास्त्राच्या भाषेत त्याला पॉलिप म्हणतात. आकाराने एखाद्या छोट्या पिशवीसारखा. वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू, आणि त्या तंतूंमध्ये खाजकुयलीसारखे डंख. डोळे नाहीत, डोके नाही. ज्या वाटेने अन्न आत जाते त्याच वाटेने घाण बाहेर येते. हा प्राणी पाण्यातून चुना घेऊन आपल्या बुडाखाली चुनखडीची वाटी तयार करतो आणि तीत बसतो. मग एकाचे दोन, दोनाचे चार होतात, सगळे एकमेकांना अंगाने जोडलेले राहतात. खालची वाटी सोडून वर नवी बांधतात. गोल दगडासारख्या पोवळ्याची वाढ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. म्हणजे पुरुषभर उंचीचे पोवळे दिसले तर ते बांधायला दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरुवात झाली म्हणून समजा.

इतका उघड प्राणी, पण शेकडो वर्षे लोक त्याला झाडच समजत होते. १७०६ साली मार्सिली नावाच्या एका इटालियन विद्वानाने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिले आणि फांदीवर पांढरी फुले उमललेली पाहून तो हरखून गेला. पोवळ्याला फुले येतात, म्हणजे ते झाड ठरले! पुढे पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टराने तीच 'फुले' नीट न्याहाळली. त्याला दिसले की ही फुले हात लावताच आक्रसतात आणि ती जिवंत प्राणी आहेत. त्याने हे पॅरिसच्या विद्वानांना कळवले. तिथल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला हे इतके वेड्यासारखे वाटले, की पेसोनेलची अब्रू जाऊ नये म्हणून त्याने सभेत त्याचे नावच घेतले नाही. काही वर्षांनी इतरांना तसेच दिसले, तेव्हा कुठे त्याचे म्हणणे पटले. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. दोघांनी पाहिले ते एकच होते. एकाने त्याला नाव चटकन दिले, दुसरा पाहत राहिला.

एक कोडे मात्र राहते. बेटे जिथे आहेत तिथले पाणी काचेसारखे नितळ असते. नितळ पाणी दिसायला छान, पण त्यात अन्न फार थोडे. आपल्याकडे मुरमाड माळरान तसे ते पाणी. मग अशा उपाशी पाण्यात एवढी वस्ती पोसते कशी?

याचे उत्तर समजायला जालन्याच्या शेतकऱ्याला फार लांब जायला नको. तुरीचे किंवा सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. म्हणून तर आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो. पोवळ्याचा प्राणीही असाच वाटेकरी बाळगतो. त्याच्या अंगातल्या पेशींमध्ये डोळ्यांना न दिसणारी शेवाळाची एक जात राहते. हे शेवाळ उन्हावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा पोवळ्याला देते. पुष्कळ पोवळ्यांना लागणाऱ्या पोषणापैकी शंभरातले नव्वद भागांपर्यंत असे मिळते. बदल्यात पोवळे त्याला जागा देते, आणि आपल्या शरीरातून टाकून दिलेले नत्र-स्फुरद खत म्हणून देते. बटईचा व्यवहारच म्हणा. मात्र आपल्याकडच्या बटईपेक्षा चोख, कारण इथे वाट्यावरून भांडण नाही. पोवळ्याचे जे तपकिरी, हिरवट रंग आपण चित्रांत पाहतो, त्यांतला बराचसा रंग या वाटेकऱ्याचा.

शेवाळाला ऊन हवे, म्हणून भिंती बांधणारी पोवळी उथळ आणि स्वच्छ पाण्यातच वाढतात. मग खोल समुद्राच्या मधोमध उभी असलेली बेटे कशी झाली? डार्विनने १८४२ साली यावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की आधी तिथे ज्वालामुखीचे बेट होते, त्याच्या कडेने पोवळी वाढली. बेट हळूहळू खाली बसत गेले आणि पोवळी उजेडासाठी वर वर बांधत राहिली. हे खरे की खोटे, हे ठरायला शंभरावर वर्षे गेली. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर बोअर घेतला. तेराशे-चौदाशे मीटर नुसती पोवळ्यांची चुनखडी लागली, आणि तिच्याखाली लागला काळा ज्वालामुखीचा दगड.

काळा दगड म्हटल्यावर आपण कान टवकारले पाहिजेत. आपली विहीर खणताना जो काळा पाषाण सुरुंग लावल्याशिवाय हटत नाही, तो याच प्रकारचा. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा रसाच्या रूपाने पसरला. भूगर्भशास्त्रज्ञांचे मत असे की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून तो रस वर आला, तिच्यावरून आपली जमीन उत्तरेकडे सरकत गेली, आणि मागे समुद्रात त्याच रसाची एक रांग उरली. त्या रांगेवरच लक्षद्वीप आणि मालदीव उभी आहेत. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. १९८७ साली जहाजावरून समुद्रतळाला बोअर घेतले, तेव्हा मालदीवच्या परिसरात साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा दगड मिळाला. म्हणजे बैलाच्या गळ्यातली कवडी जिथे वाढली, तिथला पाया आणि आपल्या विहिरीचा तळ हे एकाच घरचे निघाले.

सराफाकडचे लाल पोवळे मात्र या भिंतीचे नव्हे. ते युरोपच्या खालच्या अंगाला असलेल्या भूमध्य समुद्रात, अंधुक उजेडात वाढते. त्याच्या पॉलिपला आठ तंतू असतात. भिंत बांधणाऱ्यांना सहा किंवा सहाच्या पटीत. त्याला शेवाळाचा वाटेकरी नसतो, म्हणून वाढ अतिशय मंद. फांदीची जाडी वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. हा माल आपल्याकडे येतो आहे तो आजकालचा नव्हे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळे आहे, आणि त्याच पुस्तकात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या आपल्या पैठणचे नाव आहे, त्याच्याही पुढे तेरचे. रोमचा प्लिनी तर म्हणतो की आम्हाला हिंदुस्थानच्या मोत्यांचे जेवढे अप्रूप, तेवढे तिकडच्या लोकांना आमच्या पोवळ्यांचे.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक नवल. पोवळे रोज थोडा थोडा चुना चढवते, त्याच्या बारीक रेघा पडतात, आणि वर्षाच्या वाढीचा वेगळा पट्टा दिसतो. जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या दगड झालेल्या पोवळ्यांवर या रेघा मोजल्या. एका वर्षात सुमारे चारशे रेघा भरल्या. वर्ष तेवढेच, पण दिवस चारशे. म्हणजे त्या वेळी दिवस बावीस तासांचा होता. चंद्राच्या ओढीने भरती-ओहोटी होते आणि पृथ्वीचे फिरणे अगदी सावकाश मंदावत जाते, हे ज्योतिषगणिताने ठाऊक होते. त्याची साक्ष या मुक्या प्राण्याच्या वहीत सापडली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पोवळी पाहायला लक्षद्वीपलाच गेले पाहिजे असे नाही. मालवणला महाराजांनी १६६४ साली ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर जिवंत पोवळी आहेत. १९८७ साली तिथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. ज्याचे पोट त्या पाण्यावर, त्याला विचारल्यावाचून रेघ ओढली की असे होतेच. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरएक किलोमीटर आत गेले की आंग्रिया बँक नावाचे पाण्याखालचे एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. त्याचा माथा वीसएक मीटर पाण्याखाली, आणि त्यावर पोवळ्यांची मोठी वस्ती. एवढेच काय, मुंबईत हाजीअलीच्या आणि वरळीच्या खडकांवरही पोवळी सापडली. तिथे किनारी रस्ता करायचा होता, तेव्हा २०२० साली पोवळ्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. एवढ्या गढूळ पाण्यात ती तगली होती हेच मोठे नवल.

जगातल्या समुद्रतळाच्या शेकडा एक भागाहूनही कमी जागेवर पोवळ्यांच्या भिंती आहेत, पण समुद्रातल्या प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या आश्रयाने राहतो. त्यांत काय काय तऱ्हा! एक इवलासा मासा तिथे न्हाव्यासारखी जागा धरून बसतो. मोठमोठे मासे येऊन तोंड उघडून उभे राहतात, आणि हा त्यांच्या तोंडात शिरून किडे टिपून खातो. त्याला कोणी सहसा गिळत नाही. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा जोकर मासा तर अजबच. त्याच्या कुटुंबात कारभार मादीकडे. ती मेली की तिचा नर स्वतः मादी होतो आणि कारभार चालवतो. पोपटमासा आपल्या चोचीने पोवळे कुरतडतो, दळतो आणि मागे बारीक पांढरी वाळू टाकतो. बेटांवरची बरीच शुभ्र वाळू अशी त्याच्या पोटातून आलेली असते. आणि पोवळी स्वतः? पुष्कळ जाती वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्रींत, सगळ्या मिळून आपले बीज पाण्यात सोडतात. डोळे नसलेल्या या जिवांना चंद्राची तिथी कळते.

हे सारे आज धोक्यात आहे. मघाशी वाटेकऱ्याची गोष्ट सांगितली. समुद्राचे पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शेवाळाचे काम बिघडते. त्यातून विषारी द्रव्ये होऊ लागतात आणि पोवळे आपल्या वाटेकऱ्याला बाहेर काढून टाकते. रंग गेला की खालचा पांढरा चुना दिसू लागतो. पोवळे लगेच मरत नाही, पण उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर शेवाळ परत येते. नाही निवले तर सगळी वस्ती भुकेने मरते. १९९८ साली असे जगभर घडले, पुढे २०१० आणि २०१६ साली घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा जगभरच्या आपत्तीची घोषणा केली. त्या वर्षी लक्षद्वीपची पोवळीही मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. मालवणच्या पाण्यातही अशी पोवळी शास्त्रज्ञांनी पाहिली आहेत. कोळसा आणि तेल जाळून जी जादा उष्णता पृथ्वीवर साठते, तिच्यातले शंभरातले नव्वद भाग समुद्र पोटात घेतो. आपल्याला उन्हाळा असह्य वाटतो, पण आपण सावलीला जातो. खडकाला चिकटलेल्या प्राण्याने कुठे जायचे?

समुद्र निववणे तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातचे नाही. पण त्या चौकटीतल्या 'इंद्रजाला'चे तसे नाही. ती समुद्रातल्या पाण्याची मुळी आहे, तिने नजर लागत नाही, बरकत येते, असे सांगून ती विकतात. ती वनस्पती मुळीच नाही. समुद्रपंखा किंवा काळे पोवळे या प्राण्यांची ती सुकवलेली वस्ती आहे; हजारो जीव मारून एक चौकट तयार होते. आपल्या वन्यजीव कायद्यात २००१ साली भिंत बांधणारी पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे हे सगळे पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे वाघाच्याच रांगेत. वाघाचे कातडे बाळगले तर जी शिक्षा, तीच इथे: तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. विकणारा हे सांगत नाही. घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि भाबडेपणाने तो गुन्ह्याची वस्तू दारावर टांगून बसतो. दक्षिणावर्ती शंखाचेही लक्षात ठेवा. आपल्या शंखात उलट्या वळणाचा नग अतिशय दुर्मीळ. बाजारात त्या नावाने पुष्कळदा मिळतो तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच शंख. त्या जातीचे वळण मुळातच तसे असते. घरात परंपरेने आलेल्या कवडीच्या माळेला यात कोणी नावे ठेवीत नाही, हेही सांगून ठेवतो.

शाळेची सहल मालवणला गेली, तर मुलांना एवढे बजावावे की पाण्यातल्या खडकावर उभे राहू नये. पोवळ्याचा जिवंत भाग म्हणजे चुन्यावरची पातळ साय. पाय पडला की ती खरवडून निघते. मासे पाहायला पाव-बिस्किटे टाकू नयेत. शंकूच्या आकाराची नक्षीदार शिंपली जिवंत दिसली तर हातात घेऊ नये. काही जातींचा डंख माणसाचा जीव घेतो.

सहल जमली नाही तरी वर्गात दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. श्रावण-भाद्रपदात सोयाबीनचे रोप मुळासकट आणावे, गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी निघाली तर वाटेकरी कामावर आहे. दुसरे असे की शेतातला चुनखडीचा खडा, अंड्याचे टरफल आणि कवडीचा तुकडा, तिन्ही कुटून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत आणि वर लिंबाचा रस पिळावा. तिन्हींतून बुडबुडे येतील, कारण तिन्ही एकाच चुन्याची. मात्र यासाठी जुनी, फुटकी कवडीच घ्यावी. माळेतल्या कवडीवर लिंबू पडले तर तिची चकाकी जाते, आणि ती परत आणणारा प्राणी आता तिच्यात नसतो.